सोड म्हणजे बॉल सोड

माझ्या नातीचे ओठ पांढरे पडले तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मैदानाच्या कडेला ओल्या गवतात मी फतकल मारून बसले होते. "खांदा दुखतो, आजी," एवढंच ती म्हणत होती. डावा खांदा. म्हणून सगळ्याजणी खांद्यालाच लागल्या. एकीनं बर्फाची पिशवी आणली, एकीनं हात वर करायला लावला. कोच म्हणाली, हाड जागेवर आहे, थोडी बस, पाणी पी. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तोंड पिठासारखं झालं होतं. गालाला हात लावला तर गार, आणि वर घाम.

"उठून दाखव," मी म्हटलं.

"उठतो थोड्या वेळानं," ती म्हणाली. तिचं मराठी बापाकडून आलेलं. बाप उठतो म्हणतो, म्हणून तीही उठतो म्हणते.

उठली नाही. "आजी, लाइट कोणी बंद केला?" असं म्हणाली. भर दुपार होती आणि आम्ही उघड्यावर होतो. त्यानंतर ती बोलायची थांबली.

जिनं तिला पाडलं होतं ती समोरच्या टीमची मुलगी धावत आली. लाल केस, खांदे दारासारखे. ती हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर आहे हे मला नंतर कळलं, त्या घडीला वाटलं आता ही आणखी काय करणार. तिनं खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जर्सी वर केली आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. पोट फळीसारखं कडक. तिनं फोन काढला आणि शांतपणे, भाजी मागावी तशी, अॅम्ब्युलन्स मागितली. मग मला खुणेनं सांगितलं की डोकं खाली ठेव आणि पाय वर घे. मी नातीचे दोन्ही पाय, चिखलाच्या बुटांसकट, माझ्या मांडीवर घेतले आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत धरून बसले. रडले नाही. रडायला वेळ नसतो तेव्हा माणूस रडत नाही, त्यात मोठेपणा काही नाही.

आता हा खेळ काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. पोरी नुसतं फूटी म्हणतात. बॉल असोल्या नारळाच्या आकाराचा, त्यामुळे जमिनीवर पडला की कुठं उडेल ते त्याचं त्यालाच माहीत. तो हातात धरून पळता येतं, पण पळताना मधूनमधून जमिनीवर आपटून परत घ्यावा लागतो. दुसरीला द्यायचा तर फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारायचा, नाहीतर लाथ मारायची. जाळी नाही, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण देतात. मला हे आवडलं. चुकणारीच्या हातातही काहीतरी पडतं.

आणि मुख्य नियम असा की, बॉल हातात असताना कोणी मागून कवळ घातली तर तो लगेच सोडायचा. नाही सोडला तर बॉल समोरच्यांना. बाकीचे नियम मला अजूनही अर्धेच कळतात.

माझी नात मँचेस्टरमध्ये जन्मली. मी चौथी शिकलेली, सांगलीत खानावळ चालवलेली बाई. नवरा गेल्यावर मुलानं इकडं आणलं, कारण तो आणि सून दोघं कामावर आणि पोरीला सांभाळायला कोणी नाही. मी तिला सांभाळलं. तिनं मला ट्राम शिकवली.

ती युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा हा खेळ तिच्या मागे लागला, आणि त्याचं कारण सॉसेज. मैदानावर काही ऑस्ट्रेलियन पोरी टीमसाठी मुली शोधत होत्या आणि येईल तिला शेगडीवर भाजलेलं सॉसेज फुकट देत होत्या. आमच्या घरी शाकाहार. निदान माझ्या मुलाला तसं वाटतं. नात सॉसेज खायला गेली आणि बूट मागून घरी आली.

त्या टीमच्या सगळ्या पोरी ऑस्ट्रेलियातून आलेल्या. कोणी नर्स, कोणी शाळेत शिकवणारी, कोणी पबमध्ये बिअर ओतणारी. व्हिसा संपला की परत जाणाऱ्या. इथं जन्मलेली, इथंच राहणारी अशी पहिली माझी नात. बायकांची टीमही नवीनच होती, खेळायला पुरेशा मुली जमायच्या नाहीत. कधी कधी समोरच्या टीमकडून एखादी उसनी घ्यायला लागायची.

नात फार जोरात पळायची नाही. पण उडी मारायची. आणि एकदा बॉल हातात आला की तिच्या हातातून तो कोणाचा बाप काढू शकायचा नाही. लहानपणी दुकानात असंच करायची. बिस्किटाचा पुडा धरला की धरला. टीममध्ये तिचं नाव झालं ते त्यामुळं, आणि पुढं पोट फुटलं तेही त्यामुळंच.

बापाला तिनं सांगितलं, लायब्ररीत जातो. लायब्ररीतून गुडघ्याला चिखल लावून कोण येतं? पण तिचे कपडे मी धुवायची, तेव्हा त्याला कळायचं काही कारण नव्हतं. कळलं ते माझ्यामुळं. त्या खेळात दुसरीनं लाथाडलेला बॉल जमिनीला लागायच्या आत झेलला तर त्याला मार्क म्हणतात. मुलगा ऑफिसच्या कामानं एडिनबराला गेला होता. रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन आला.

"काय करतेय ती?" त्यानं विचारलं.

"झोपलीय. दमली. आज सात मार्क मिळवले तिनं."

तो म्हणाला, "सात? कितीपैकी?"

"पैकी काय असतं त्यात? सगळे तिचेच."

"आई, कुठल्या विषयात?"

"विषय कसला. एक तर त्या लांब पोरीच्या डोक्यावरनं उडी मारून मिळवला."

त्यानं फोन ठेवला आणि लगेच सुनेला केला. पोरगी अकाउंट्स शिकत होती. त्याला वाटलं, पोरगी नापास झाली आणि म्हातारीचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सगळं बाहेर पडलं. आठवडाभर घरात भांडी आपटत होती. शेवटी, डिग्री होईपर्यंत खेळ, मग बंद, असं ठरलं. डिग्री झाली, नोकरी लागली, ती खेळतच राहिली. तिनं नोकरीही अशी धरली की शनिवार मोकळा राहील.

सून हॉस्पिटलच्या फार्मसीत, तिला शनिवारी काम. मुलगा येणार नाही म्हणाला, म्हणजे नाही. म्हणून मीच जायची. ट्रामनं जायचं, मग थोडं चालायचं, घडीची खुर्ची नात पाठीला लावून घ्यायची. लहानपणी मी कसलेही खेळ खेळले नाही. कोणी अडवलं नव्हतं, वेळच नव्हता. त्यामुळं बघताना मला तोंड आवरायचं नाही. नातीला कोणी मागून धरली की मी ओरडायची, "सोड! अगं सोड!"

बाकीच्या इंग्रजीत ओरडायच्या. पण समोरच्या टीमच्याही इंग्रजीतच ओरडायच्या. मागून कोणी आलं हे आपली सांगतेय की त्यांची, ते बॉल हातात असलेलीला कळायचं नाही. एकदा टीममधल्या नर्सनं नातीला विचारलं, "तुझी आजी सारखं काय म्हणते?" नातीनं सांगितलं. नर्स म्हणाली, हा शब्द बरा आहे, आपल्याशिवाय कोणाला कळणार नाही. आणि तेव्हापासून मँचेस्टरच्या पार्कात दर शनिवारी गोऱ्या पोरी एकमेकींना "सोऽऽड" म्हणून ओरडायला लागल्या. त्यांचा ड धड यायचा नाही, पण बॉल सुटायचा.

सुटायचा नाही तो एकीचाच.

त्या शनिवारीही तसंच झालं. लाल केसवालीनं मागून कवळ घातली. सगळ्या सोड म्हणत होत्या, सगळ्यात मोठ्यानं मी. नातीनं बॉल छातीशी घट्ट धरला. दोन्ही हात बॉलवर, म्हणजे पडताना टेकायला हात नाही. ती पालथी पडली, वर लाल केसवाली, आणि पळत येणारी आमचीच एक पोरगी अडखळून गुडघ्यावर तिच्या बरगडीत आली. चूक कोणाची नव्हती. धरणारीनं नियमानं धरलं होतं.

हॉस्पिटलात सांगितलं की प्लीहा फुटली. पोटात रक्त साठलं होतं. ते साठलं की खांदा दुखतो म्हणे. ऑपरेशन करून प्लीहा काढून टाकली. इतकी वर्षं जगून मला माहीत नव्हतं की माणसाला प्लीहा असते. आणखी थोडा वेळ खांदा शेकत बसलो असतो तर पोरगी गेली असती, असं डॉक्टरांनी सुनेला सांगितलं आणि सुनेनं मला.

दोन दिवसांनी ती बोलायला लागली. मुलगा, सून, मी, तिघं पलंगाभोवती. मुलाची दाढी वाढलेली. तो उभाच होता.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता सोडायचं."

नात छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी पण बोलली, सोड. ग्राउंडवर. मी ऐकलो."

"बघ," मुलगा म्हणाला. "आजीलाही कळतं."

"मी बॉल सोड म्हटलं," मी म्हणाले. "खेळ सोड कधी म्हटलं?"

"एकच आहे ते, आई."

"एक कसं? बॉल सोडला असता तर पोट फुटलं नसतं. तिला बॉल सोडता येत नाही, तर तू खेळ सोड म्हणतोस. उद्या तिला भाकरी थापता आली नाही तर जेवायचं सोडेल का?"

नात हसली. हसली आणि कळवळली.

"आई, हसवू नका हो तिला," सून म्हणाली. "टाके आहेत."

मुलगा मला बाहेर घेऊन गेला. तिथं चहाचं मशीन होतं, त्याच्यापाशी उभा राहून तो म्हणाला, "तुला समजत नाहीये. ती मेली असती."

"मला समजतं. डोकं माझ्या मांडीवर होतं, तुझ्या नव्हतं."

त्यानंतर तो माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलला. मी त्याचा राग धरला नाही. एकुलती एक पोरगी. पण त्याचं ऐकून ती घरात बसली असती तर जन्मभर छताकडे बघत राहिली असती, तेही मी पाहिलं होतं. ती परत मैदानात उतरणार की नाही, आमच्या घरात पुढं सगळं त्यावरच चाललं होतं. जेवताना कोणी त्या विषयाचं नाव काढायचं नाही आणि दुसऱ्या कशाचं कोणाला सुचायचं नाही.

सर्जननं सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत कोणाला धडकायचं नाही. ते तिनं पाळलं. पण हिवाळा संपला तशी त्यांची कोच ऑस्ट्रेलियाला परत गेली, व्हिसा संपला म्हणून. नर्स गेली. बिअर ओतणारी गेली. टीम चालवायला, जी कुठं जाणार नाही अशी कोणीतरी हवी होती, आणि तशी एकच होती. धडकायचं नाही, पण शिटी वाजवायला काय हरकत आहे, असं म्हणून ती कोच झाली. शिटी वाजवून कोणाचं पोट फुटत नाही.

नव्या आलेल्या पोरींत एक ऑस्ट्रेलियन होती, उंच, तोंडाळ. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिनं विचारलं, तू ऑस्ट्रेलियात कुठं खेळलीस? नात म्हणाली, मी ऑस्ट्रेलिया पाहिलेलं नाही. मग तू आम्हाला शिकवणार काय, असं ती हसत म्हणाली. नातीनं जर्सी वर केली. छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत उभी शिवण होती, अजून लाल. "बॉल कधी सोडायचा ते," नात म्हणाली. त्या पोरीनं परत विचारलं नाही, आणि पुढं तिचीच सगळ्यात चांगली चेली झाली.

शिकवायची पद्धत तिनं स्वतः काढली. एकीच्या हातात बॉल, मागं दोघी जाड गाद्या धरून उभ्या. सोड म्हटलं की गाद्या अंगावर येणार आणि त्याआधी बॉल गेला पाहिजे. पहिल्यांदा नात स्वतः सोड म्हणायची. पण पोरी तिच्या श्वासावरून ओळखायला लागल्या. म्हणून ते काम तिनं मला दिलं. मी खुर्चीत छत्रीखाली बसून मनात येईल तेव्हा सोड म्हणायची. कधी लगेच, कधी थर्मासमधला चहा ओतून झाल्यावर. पोरी बॉल धरून ताटकळायच्या आणि माझ्याकडे रागानं बघायच्या. मला मजा यायची.

त्यातच एक नागपूरची मुलगी मिळाली. सॉफ्टवेअरवाली, नवीनच आलेली. ट्राममधून उतरून पार्कातून चालली होती, ती कुंपणाशी थांबली.

"काकू, तुम्ही मराठी?" तिनं विचारलं. "मला वाटलं कोणाला तरी मारून राहिले इथं. नुसतं सोड, सोड."

"मारतच आहेत," मी म्हटलं. "येतेस?"

"मी शाळेत खो-खो खेळायची. हे काय आहे?"

"याच्यात बसायला मिळत नाही."

ती ऑफिसच्या पँटवरच आत गेली. खो-खोवाली असल्यानं वाकून वळायची अशी की धरणारीच्या हातात हवा यायची. पोळ्या येत नव्हत्या म्हणून शनिवारी रात्री आमच्याकडे जेवायची. सुनेला म्हणायची, "काकू, अजून एक द्या नं." मुलगा तिच्याशी बोलायचा, पण खेळाचं सोडून.

त्या उन्हाळ्यात टीम जवळजवळ सगळे सामने हरली. लंडनच्या टीमनं तर असं हरवलं की आमच्या पोरी हसायला लागल्या. नात हसली नाही. घरी येऊन भिंतीला बॉल ठोसत बसायची, शेजारणीनं येऊन विचारलं तरी.

पुढच्या वर्षी सर्जननं तिला तपासलं. मुलगा मुद्दाम बरोबर गेला. त्याला वाटलं, आता हा माणूस आपलं काम करेल. सर्जननं पोट दाबलं, कागद पाहिले आणि म्हणाला, खेळू दे. मुलानं विचारलं, परत तसं झालं तर? सर्जन म्हणाला, तीच प्लीहा दोनदा फुटत नाही, ती आता नाहीच. इंजेक्शनं वेळच्या वेळी घ्या, ताप आला तर बसून राहू नका, लगेच या. मुलगा घरी आला तेव्हा मला म्हणाला, "इथले डॉक्टरसुद्धा तुझ्यासारखेच बोलतात."

ती परत उतरली. कोचही तीच, खेळणारीही तीच. लाल केसवालीची बदली त्याच वर्षी मँचेस्टरच्या हॉस्पिटलात झाली, ती आमच्याकडून खेळायला लागली. पहिल्या दिवशी तिनं नातीला इंग्रजीत विचारलं, पोट कसं आहे? नात म्हणाली, हलकं. त्या वर्षी आमच्या पोरी जिंकायला लागल्या. कार्डिफला जाऊन जिंकल्या, पावसात. घरच्या मैदानावर तर कोणाला उभंच राहू दिलं नाही. शेवटी फायनल एडिनबराला ठरली, त्यांच्याच टीमशी.

आदल्या दिवशी मिनीबस चालवणारी पोरगी आजारी पडली. जेवताना नात फोनवर फोन करत होती. मुलगा ताटातून वर न बघता म्हणाला, "मी चालवतो. पण मी बघणार नाही."

"न बघता चालवू नकोस," मी म्हटलं.

सून इतकी हसली की तिला ठसका लागला.

एडिनबराला वारा असा की माझी खुर्ची दोनदा उलटली. शेवटी मी उभी राहिले. मुलगा मिनीबसमध्ये पेपर घेऊन बसला. सामना सुरू झाला आणि मला दिसलं की नात घाबरलीय. बाकी कोणाला कळत नव्हतं. ती बॉल सोडत होती, पण फार लवकर. मागं कोणी नसताना ठोसा मारून मोकळी व्हायची, बॉल हातात तापतोय असा. एडिनबराच्या पोरींना ते फुकट मिळत होतं. मध्यंतराला आम्ही बरेच मागं होतो. सगळ्याजणी संत्र्याच्या फोडी चोखत बसल्या होत्या. मी रव्याचे लाडू नेले होते, शेंगदाण्याचे चालत नाहीत, एकीला त्यानं सूज येते.

नात कोच म्हणून सगळ्यांना काय काय सांगत होती. सांगून झालं तेव्हा मी तिला बाजूला बोलावलं.

"तुला सोड कोण म्हणालं?" मी विचारलं.

"कधी?"

"आत्ता. पहिल्यापासून. कोणी म्हणालं का?"

ती विचार करायला लागली. "नाही."

"मग सोडतेस कशाला? म्हणेपर्यंत धर."

"आजी, भीती वाटतो."

"वाटू दे. लाडू खा."

तिनं लाडू खाल्ला. दुसऱ्या अर्ध्यात ती बॉल घेऊन पळायला लागली. आपटत, झेलत, वाऱ्यात जर्सी फुगलेली. लाल केसवाली मागं भिंतीसारखी उभी, तिच्यावर आलेल्या पोरी तिच्यावरच थांबायच्या. त्या उंच तोंडाळ पोरीनं दोनदा मधल्या खांबांतून बॉल घातला. नातीनं दोघींच्या मधून उडी मारून एक मार्क घेतला तेव्हा मी मागं वळून पाहिलं, तर मुलगा मिनीबसच्या बाहेर उभा होता. पेपर वाऱ्यानं नेला होता. थोड्या वेळानं पाहिलं तर तो कुंपणाशी. मग माझ्या शेजारी.

"कोण पुढं आहे?" त्यानं विचारलं.

"ते. चार गुणांनी."

"किती वेळ राहिलाय?"

"थोडा."

बॉल नातीकडे आला. समोर मोकळं होतं, ती पळाली. मागून एडिनबराची एक पोरगी येत होती, लांब ढांगा टाकत, नातीला ती दिसत नव्हती. आमच्या पोरी लांब होत्या, वारा त्यांच्या तोंडावर. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी माझ्या शेजारून आवाज निघाला.

"सोड! सोड, बाळा, सोड!"

एवढा आवाज माझ्या मुलाला आहे हे मलाही माहीत नव्हतं. एडिनबराच्या पोरीचे हात नातीच्या पोटाला लागले, तिनं मुठीनं ठोसा मारला, आणि ती मोकळ्या हातांनी पडली. तळवे टेकून. बॉल बाजूनं आलेल्या नागपूरवालीच्या छातीवर गेला. ती वाकली, वळली, समोरच्या दोघींच्या हातात हवा आली, आणि तिनं लाथ मारली. वाऱ्यानं बॉल एका बाजूला नेला, मग परत आणला. खांबांजवळच्या माणसानं दोन्ही झेंडे हलवले. दोन झेंडे म्हणजे सहा.

भोंगा वाजेपर्यंत एडिनबराला बॉल अर्ध्याच्या पुढं नेता आला नाही. लाल केसवालीनं नेऊ दिला नाही.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगायचा. पोरींनी नातीला उचललं, नागपूरवालीला उचललं, मग माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, हात लावाल तर छत्री मारीन. तोंडाळ पोरीला मराठी कळत नाही, पण छत्री कळली. एडिनबराच्या पोरींनी येऊन सगळ्यांशी हात मिळवले. जी मागून आली होती तिनं माझ्या मुलाला विचारलं, तो शब्द काय होता? त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, आमचा आहे.

नागपूरवाली त्याला म्हणाली, "काका, टायमिंग काय भारी होतं तुमचं."

"मी घाबरून ओरडलो गं."

"तेच नं. घाबरूनच बरोबर येतं."

नात आली. गुडघ्यापासून केसापर्यंत चिखल. बापासमोर उभी राहिली. त्यानं विचारलं, "पोट?"

"आहे," ती म्हणाली. "तुम्ही सोड बोललात."

"बॉल," तो म्हणाला. "बॉल सोड म्हटलं."

परत येताना त्यानं मिनीबस चालवली आणि सगळा रस्ता पोरी गात होत्या. त्यानं एकदाही आवाज कमी करा म्हटलं नाही.

त्यानंतर ती बरीच वर्षं खेळली. तिची टीम आणखी जिंकली, हरलीही. गुडघे कुरकुरायला लागले तसं तिनं आपण होऊन खेळणं थांबवलं आणि नुसतं कोचिंग ठेवलं. आता त्या टीममध्ये ऑस्ट्रेलियन दोघीच आहेत. बाकीच्या सगळ्या इथल्या, तिनं शिकवलेल्या. शाळेतल्या लहान मुलींची वेगळी टीम झालीय, तीही तीच बघते. मुलगा दर शनिवारी खांबांजवळ उभा राहून झेंडे हलवतो आणि एखाद्या पोरीचा एकच गुण धरला की तिची आई त्याच्याशी भांडते. माझ्यानं आता ट्रामपर्यंत चालवत नाही, तो मला गाडीनं नेतो.

त्या दुपारी जिचे पाय मी मांडीवर धरले होते ती वाचली.